सव्वीस तारीख येऊ न देण्याची कार्यपद्धती

संकटाला तारीख लागते. तारखेशिवाय आलेलं संकट कोणत्याच रजिस्टरात चढत नाही आणि जे रजिस्टरात नाही ते घडलेलंच नसतं. हे ज्यांना कळलं ते सरकारी नोकरीतून सुखरूप निवृत्त होतात.

गेवराईचे सुंदरराव असे सुखरूप निवृत्त झालेले हेडक्लार्क. चौतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी एकच कला मन लावून जोपासली, ती म्हणजे मागची तारीख टाकणे. मुदत संपल्यावर आलेला अर्ज त्यांच्या टेबलावरून मुदतीच्या आधी आलेला होऊन पुढे जायचा. त्र्याऐंशी साली एका बंधाऱ्याच्या पूर्णत्वाचा दाखला त्यांनी बंधाऱ्याच्या अकरा महिने आधी पूर्ण केला होता. (बंधारा पुढं फुटला. दाखल्यात अजून गळती नाही.)

अठ्ठ्याण्णवच्या दिवाळीत त्यांच्या मुलीनं, प्रणितानं, पुण्याहून घरी कॉम्प्युटर पाठवला. सुंदररावांनी त्याला हात लावला नाही. लावला तो बायकोनं, वत्सलाबाईंनी. छप्पन्नाव्या वर्षी त्या सतीशच्या कॉम्प्युटर क्लासला जाऊ लागल्या.

“आता कुठं भरती होणार हायेस का?” सुंदररावांनी विचारलं.

“न्हाई. तुमच्या तक्रारी लिवून ठेवणार हाय. तोंडानं सांगून तुमी ऐकत न्हाई.”

सतीशनं मराठी अक्षरं बसवून दिली आणि बाईंनी रोज दुपारी एक याप्रमाणे तक्रारी लिहिल्या. १९ फेब्रुवारीला पहाटे त्या गेल्या. फाइल यंत्रात राहिली. सुंदररावांनी ती उघडली नव्हती. नवीन तक्रार आली की ती काही दिवस पडून राहू द्यायची, ही त्यांची कार्यालयीन सवय होती.

एप्रिलमध्ये पेपरात आलं की सव्वीस तारखेला एक व्हायरस जगभरच्या कॉम्प्युटरांतलं सगळं पुसून टाकणार आहे. सुंदररावांनी सतीशला बोलावलं. सतीशनं फ्लॉपी घालून यंत्र तपासलं आणि व्हायरस असल्याचं जाहीर केलं. अधिक तपासात तो सतीशच्या तपासणीच्या फ्लॉपीतूनच आत आल्याचं निष्पन्न झालं. ही पद्धत तपासणी पथकांच्या कामाशी इतकी जुळणारी होती की सुंदररावांना या क्षेत्राबद्दल प्रथमच आपलेपणा वाटला.

“काढता येतो का?”

“मला न्हाई येत, काका. पण एक करता येतं. सव्वीस तारीखच येऊ द्यायची न्हाई. पंचवीसला यंत्राची तारीख मागं घ्यायची. त्याला काय कळतंय बाहेर काय चाललंय?”

सुंदररावांनी खुर्ची यंत्राजवळ ओढली. एवढी प्रगती झालेलं विज्ञान अखेर त्यांच्या टेबलापाशी आलं होतं.

पंचवीसला संध्याकाळी त्यांनी स्वतःच्या हातानं यंत्रात एक एप्रिल टाकला आणि पुढंही यंत्रात पंचवीस लागली की तेच करायचं ठरवलं. सव्वीसला सतीशच्या क्लासातली सातही यंत्रं गेली, कारण गावभर तारखा बदलून देताना त्याला स्वतःच्या यंत्रांकडे बघायला वेळ मिळाला नव्हता. सुंदररावांचं यंत्र वाचलं. लगोलग त्यांनी घरासाठी नियमावली करून भिंतीवर लावली. परकी फ्लॉपी उंबऱ्याच्या आत येणार नाही. पाहुण्यांनी यंत्राकडे बोट दाखवायचं नाही. वीज नसताना यंत्र सर्वांत सुरक्षित असतं, सबब वीज गेल्यास कोणी हळहळू नये. या उपायांमुळे पहिल्या तिमाहीत घरी येणाऱ्यांत साठ टक्के घट झाली. (उरलेले चाळीस टक्के म्हणजे शेजारचे किराणा दुकानदार शहादेव.)

“एवढंच हाय तर फाइल कागदावर छापून घेऊ की, काका,” सतीश म्हणाला.

“कागदावर गेली की रेकॉर्डला जाते. रेकॉर्डला गेली की प्रकरण बंद. हे प्रकरण चालू हाय.”

मग त्यांनी फाइल उघडली. एकूण शहाण्णव तक्रारी होत्या. चौतीस वर्षांत एवढ्या तक्रारी त्यांनी कधी एकदम निकाली काढल्या नव्हत्या. रोज एक, असं ठरलं.

क्रमांक सात, मोरीचा नळ गळतो. नळवाला आला, वायसर बदलून गेला. लागलेला वेळ दहा मिनिटं. झालेला विलंब अकरा वर्षं. निकाली.

क्रमांक तेवीस, शहादेवभाऊजींसमोर मला ‘हिला काय कळतंय’ म्हणाले. ही तक्रार अवघड होती. सुंदररावांनी शहादेवांना बोलावलं, स्वतः चहा केला आणि उभं राहून सांगितलं, “वत्सलाला कळत होतं.”

“काय कळत होतं?”

“समदं.”

शहादेवांनी घोट घेतला. “मला म्हाईत होतं ते. च्या लई पाणचट झालाय बे.”

निकाली.

क्रमांक अठ्ठावन्न, मीठ जास्त पडलं तर सांगतात, बरोबर पडलं तर सांगत नाहीत. यावर कार्यवाही कुणाकडे करायची याबद्दल मार्गदर्शन उपलब्ध झालं नाही. त्या दिवशी सुंदररावांनी आपण केलेली भाजी खाल्ली आणि शेऱ्याचा रकाना दोन दिवस कोरा ठेवला.

अशा रीतीनं जुलैअखेर पंच्याण्णव तक्रारींचा निपटारा झाला. मग शेवटची उघडली.

‘१८ फेब्रुवारी. सकाळपासून छातीत दाबल्यावानी होतंय. ह्यांना सांगितलं. बीडला दाखवून येऊ म्हणाले. उद्या.’

सुंदररावांनी यंत्राची तारीख बदलून एक फेब्रुवारी केली. तेव्हापासून यंत्रात अठरा फेब्रुवारी लागली की ते सकाळी अंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून खुर्चीवर बसतात आणि पुन्हा एक फेब्रुवारी टाकतात. कामात एकदाही कुचराई झालेली नाही.

सतीशच्या ते लक्षात आलं. “काका, व्हायरस सव्वीसला येतो. तुमी अठरालाच काहून मागं फिरता?”

“आमच्यात तो एकोणीसला येतो.”

सतीश अंत्यविधीला आलेला होता. त्यानं पिशवी उचलली आणि तपासणीची फी न घेता गेला. (त्याच्या व्यवसायातली ही अशी पहिलीच नोंद.)

सन दोन हजार लागताना सगळ्या जगातली यंत्रं गोंधळतील अशी भीती होती. तज्ज्ञ रात्रंदिवस खपत होते. गेवराईत सुंदररावांनी काहीही केलं नाही. त्यांच्या घरात दोन हजार साल आलंच नाही, त्यामुळं नुकसान शून्य. शहाण्णवव्या तक्रारीपुढे अजून ‘प्रलंबित’ असा शेरा आहे. यंत्राच्या हिशेबानं मुदत अजून संपलेली नाही आणि बीडची पहिली एसटी सकाळी साडेसहाला सुटते.

गाव त्यांना हसतं. तुम्हीही हसलात. हरकत नाही. फक्त एक कार्यालयीन बाब. हे वाचायला बसलात तेव्हा आतून कुणीतरी तुम्हाला हाक मारली होती. “एवढं संपवून येतो,” असं तुम्ही म्हणालात.

त्याची तारीख टाकून नोंद घेण्यात आली आहे.