पाऊणपट होडी

होडी बांधायला घेण्याआधी फुटपट्टींनी दार मोजलं. तीन वेळा मोजलं, तिन्ही वेळा आकडा तोच आला, तरी चौथ्यांदा मोजलं. घरात होडी बांधायची आणि मग ती दारातून निघत नाही म्हणून कपाळाला हात लावून बसायचं, अशी माणसं जगात पुष्कळ आहेत. आपण त्यांतले नाही हे त्यांना दाखवून द्यायचं होतं. नकाशांच्या कार्यालयात छत्तीस वर्षं ड्राफ्ट्समन म्हणून रेघा मारलेला माणूस. हाताखालची मंडळी त्यांना पाठीमागे फुटपट्टी म्हणत. हे कळलं तेव्हा राग यायचं सोडून ते खूश झाले होते. आता अशा माणसापुढे काय बोलणार?

आराखडा पुस्तकातला होता. शिडाची होडी, दोन माणसांसाठी, लांबी बारा फूट, रुंदी चार. दार तीन फूट एक इंच. फुटपट्टी सगळी दुपार पेन्सिल चावत बसले आणि चहाच्या वेळी उठले ते हसतच.

"सगळं पाऊणपट करायचं! बाराचे नऊ, चाराचे तीन. वर एक इंच शिल्लक. सुटला प्रश्न."

"आणि माणसं?" बायकोने विचारलं.

"कुठली माणसं?"

"आत बसणारी. ती कशी पाऊणपट होणार?"

"अगं, शिवणकाम नाही हे. इथे गणित लागतं."

प्रश्न सुटला तो त्यांचा. बायकोचा तिथून सुरू झाला. तिला सगळी गल्ली ताई म्हणायची, कारण गल्लीतल्या निम्म्या अंगांवर तिच्या हातचे कपडे होते. घराची पुढची खोली तिची. खिडकीशी मशीन, कोपऱ्यात पडदा लावलेला आरसा, भिंतीला कापायचं लांब टेबल. बावीस वर्षं ती खोली शिवणाची होती आणि घरात तेवढ्याच एका ठिकाणी तिचं ऐकलं जायचं. होडीला दुसरी खोली पुरत नव्हती, हेही फुटपट्टींनी मोजूनच ठरवलं.

"दोन महिने फक्त. होडी दाराबाहेर पडली की त्या दिवशी खोली तुझी. शब्द देतो."

मशीन स्वयंपाकघरात, फ्रिज आणि मोरीच्या मध्ये गेलं. दोन महिन्यांची दोन वर्षं झाली. सरकारी माणूस, त्याला हे काही फार वाटलं नाही. खोलीत रंधा चालायचा आणि भुसा येऊन पडायचा अस्तरांवर. लाकडाच्या डिंकाचा वास कपड्यांत असा बसायचा की धुवूनही जायचा नाही. एका बाईंचा समारंभाचा पांढरा झगा वाळत घातला होता, त्याच्यावर डिंकाचा हात पुसला गेला आणि झग्याची बाही पाठीला कायमची चिकटली. त्या बाई पुन्हा आल्या नाहीत. त्यांच्या मागोमाग बाकीच्याही यायच्या थांबल्या. आरसाच नाही, तर कपडा अंगावर घालून बघायचा कुठे? फ्रिजसमोर?

ताईला होडीत बसायची हौस नव्हती. तिला खोली हवी होती. होडी लवकर व्हावी म्हणून ती फळ्या धरायची, स्क्रू मोजून द्यायची, लाकूड घासायची. फुटपट्टी सगळ्यांना सांगत, "तिलाही नाद लागलाय हो!"

सामान पुरवायला जो मिस्त्री यायचा, त्याने एकदा होडीभोवती फेरी मारली आणि डोकं खाजवलं.

"साहेब, लांबीत पाऊण केलंत, रुंदीत पाऊण, खोलीत पण पाऊण. पोटात निम्मी तरी उरली का? तुमचं वजन किती?"

"मोजमाप तू मला शिकवणार?"

"शिकवत नाही हो. पण होडी पाऊण केली म्हणून पाणी काही पाऊण होणार नाही."

फुटपट्टींनी त्याला त्याच पावली दार दाखवलं. तेच दार, तीन फूट एक इंचाचं.

शिडाचं काम अर्थात ताईकडे आलं. पुस्तकातून शिडाच्या मापांचा कागद फाडून त्यांनी तिच्या हातात दिला. "हे शीड पण पाऊणच करायचं ना?" तिने कात्री उचलण्याआधी विचारलं. फुटपट्टींच्या लेखी शिवण मोजमापात धरायची वस्तूच नव्हती. "कागदावर आहे तसं शीव. उगीच डोकं चालवू नकोस." तिने डोकं चालवलं नाही. कागदावर होतं तसं, दुहेरी शिवणीचं, कडांना दोरी भरलेलं पूर्ण मापाचं शीड तिने शिवून ठेवलं. डोलकाठी उभी राहीपर्यंत ते कोणी उलगडून पाहिलं नाही.

होडी दारातून निघाली मात्र झोकात. दोन्ही बाजूंना अर्धा अर्धा इंच. फुटपट्टींचे डोळे भरून आले. ताईचेही आले, ती मागे रिकाम्या झालेल्या खोलीकडे बघत होती.

तलावावर कार्यालयातली निवृत्त मंडळी जमली होती. फुटपट्टींची धाकटी बहीण फोन उगारून उभी होती. आपला भाऊ जे करतो ते बरोबरच असतं, असं धरून चालायची तिला लहानपणापासून सवय. होडी आणायचा टेम्पो ज्याचा त्या मिस्त्रीलाही शेवटी बोलवावंच लागलं होतं. होडी पाण्यावर ठेवली तेव्हा फार गोड दिसली. शीड चढवलं तेव्हा गोड दिसेना. लहान मुलीने आईचा झगा घालावा तशी दिसायला लागली.

"एवढं मोठं का शिवलंस?"

"कागदावर होतं तसं शिवलं."

फुटपट्टींनी रिबन कापली, होडीत पाय टाकला आणि सगळे चौऱ्याऐंशी किलो खाली ठेवले. होडी बुडाली असं म्हणणं तिच्यावर अन्याय होईल. ती फक्त खाली गेली, आरामात, काठापर्यंत, आणि मग काठावरून पाणी आत आलं. फुटपट्टी कमरेइतक्या पाण्यात ताठ बसून राहिले.

"दादा, बुडतेय का रे?"

"बुडत नाहीये. बसतेय!"

"मग हात हलव ना, फोटो घेते."

त्यांनी हात हलवला. नाही म्हणता येईना. मिस्त्रीने त्यांना बखोटीला धरून बाहेर ओढलं, होडी कलती करून पाणी काढलं आणि तोंडातून एक शब्द काढला नाही. हे त्याचे उपकारच.

"वजनाचा अंदाज घ्यायला हवा," ओल्या विजारीतून पाणी गळत असताना फुटपट्टी म्हणाले. "तू बस गं. दोरी मी धरतो."

ताई बावन्न किलोंची. ती बसली आणि होडी जिथल्या तिथे राहिली, जशी तिच्याच मापाने बेतली होती. तेवढ्यात तलावावरून आडवा वारा आला. पूर्ण मापाचं शीड टम्म फुगलं, फुटपट्टींच्या हातातली दोरी सर्रकन गेली, आणि दोन वर्षांत जी होडी खोलीतून हलली नव्हती ती बघता बघता निम्म्या तलावात पोचली.

"सुकाणू डावीकडे!" फुटपट्टी काठावरून धावत ओरडले. "डावीकडे! अगं, माझ्या डावीकडे!"

ताईला ऐकू येत होतं. पण तिच्या हातात कापड होतं, आणि कापडाचं तिला कोणी सांगायची गरज नव्हती. ताणलं तर सैल सोडायचं, ढिलं पडलं तर ओढायचं. घाबरली ती पहिली दोन मिनिटं. मग तिच्या लक्षात आलं की इथे भुसा नाही, वास नाही, आणि हाकाही हळूहळू बारीक होत चालल्यात. तिला बरं वाटलं. साध्या शब्दांत सांगायचं तर दोन वर्षांत पहिल्यांदा बरं वाटलं.

समोरच्या काठावर उतरून ती झाडाखाली बसून राहिली. फुटपट्टी तलावाला वळसा घालून तिथे पोचले तेव्हा तास उलटून गेला होता. बूट चिखलाने भरलेले, छाती भात्यासारखी. ते तडक होडीपाशी गेले, वाकले आणि तिच्या तळावरून हात फिरवला.

"ओरखडा कसला हा?"

ताईने पायाची वाळू झटकली.

"ते जाऊ दे. बघ, चूक मला सापडलीय. पुढची पूर्ण मापाची करू. दार काढून टाकलं की झालं. दोन वर्षांत होईल. खोली मोकळी आहेच."

ताईने शांतपणे उठून होडी पाण्यात ढकलली, आत बसली आणि शिडाची दोरी ओढली. आडवा वारा मोठा गुणी. नेतो तसा आणतोही. पुस्तकात हे नवव्या प्रकरणात होतं. फुटपट्टींचं वाचन सहाव्यापर्यंतच झालं होतं.

"अगं, मी कसा येऊ?"

"आलात तसे!"

ते चालत घरी पोचले तोवर ताईच्या सांगण्यावरून मिस्त्रीने मशीन खिडकीशी नेऊन ठेवलं होतं, आरसा टांगला होता, आणि रंधे, डबे, पुस्तक असा सगळा संसार फ्रिज आणि मोरीच्या मध्ये रचला होता. फुटपट्टी खोलीच्या उंबऱ्यावर थांबले. "झगा बेतायचाय?" ताईने विचारलं. नाही म्हणाले. "मग दार लावून घ्या."

गोष्ट इथे संपली असती तर न्याय झाला म्हणता आलं असतं. पण बहिणीच्या फोनमध्ये फोटो होते. हात हलवणारा दादा तिने वगळला आणि वाऱ्यावर निघालेली वहिनी सगळ्यांना पाठवली, खाली ओळ लिहून: "दादाने वहिनीच्या मापाची होडी बांधली!" आठवड्यात ती ओळ गावभर झाली. निवृत्तांच्या मंडळाने फुटपट्टींचा सत्कार केला. पहिल्या दिवशी ते ओशाळले, दुसऱ्या दिवशी हसले, आणि तिसऱ्या दिवशी भाषणात सांगू लागले की बायकोचं वजन त्यांनी आराखड्याआधीच घेऊन ठेवलं होतं. होडी मंडळाच्या व्हरांड्यात काचेआड ठेवली. पाण्याने खराब होईल म्हणून ती पुन्हा पाण्यात घालायची नाही, असा ठराव झाला. ताईने एकदा ती परत मागून पाहिली. फुटपट्टी म्हणाले, "आता ती आपली कुठे राहिली?"

फोटो पाहून गिऱ्हाइकं मात्र परत आली. पांढऱ्या झग्याच्या बाईसुद्धा आल्या. आरशासमोर हात पसरून उभ्या राहिल्या आणि गुडघ्यावर बसून खालची पट्टी दुमडणाऱ्या ताईकडे कौतुकाने पाहत म्हणाल्या, "भाग्यवान आहात हो. आमचे हे साधं कपाट नाही बांधून देत. तुमच्यासाठी त्यांनी दोन वर्षं घातली!"

ताईने मान वर केली. तिच्या ओठांत सहा टाचण्या होत्या.