नितळ पाण्याचा दोष

समुद्राकाठी राहणाऱ्या लोकांना पोहता यावे, अशी सरकारची फार दिवसांची इच्छा होती. त्यानुसार सन १९६१ च्या आरंभी मालवणच्या दक्षिणेला, खाडी आणि दर्या यांच्यामधल्या वाळूच्या पट्टीवर वसलेल्या तारीवाडीत पोहण्याचा तलाव बांधून पुरा झाला. तलावाच्या पश्चिमेला दीडशे पावलांवर दर्या होता आणि पूर्वेला तेवढ्याच पावलांवर खाडी. अर्जात 'जवळपास पाण्याची सोय आहे काय?' असा एक प्रश्न होता. त्याला ठामपणे 'होय' म्हणता आले, म्हणून मंजुरी लवकर मिळाली.

तलावातले पाणी स्वच्छ राहावे म्हणून मुंबईहून गाळणयंत्र आले. एक उंच लोखंडी टाकी, तिच्या पोटात वाळू, आणि पाणी ओढायला डिझेलचे इंजिन. ते चालवायला विश्रामची तात्पुरती नेमणूक झाली. विश्रामने वीस वर्षे आगबोटीच्या इंजिनखान्यात काढली होती आणि गुडघे कुरकुरू लागल्यावर तो घरी परतला होता. यंत्र यशस्वी ठरल्यास जागा कायम होईल, न ठरल्यास ३१ जानेवारीला आपोआप संपेल, असे त्याच्या पत्रात लिहिले होते. दुसरीकडे कुठे मिळकत नव्हती. त्यामुळे यंत्र यशस्वी व्हावे असे सरकारपेक्षाही विश्रामला जास्त वाटत होते.

यंत्र सुरू झाले. विहिरीतून भरलेले पाणी डोळ्यासारखे स्वच्छ होते. चार तास यंत्रातून फिरल्यावर ते कुळथाच्या पिठीसारखे गढूळ आणि दाट झाले.

विश्रामने टाकीला कान लावला. आतल्या पाण्याचा आवाज त्याला ओळखीचा होता. त्याने ओव्हरसियर काशिनाथराव यांना जाऊन सांगितले, की पाणी वरून आत शिरून वाळूतून खाली उतरायला हवे, म्हणजे घाण वाळूत अडकते. इथे नळ्यांची अदलाबदल झाली आहे. पाणी खालून शिरते, वाळू ढवळते, आणि अडकलेली घाण उचलून पुन्हा तलावात नेऊन सोडते. दोन नळ्या बदलल्या की काम झाले.

काशिनाथरावांनी नकाशा उघडून टेबलावर पसरला.

"ह्या नकाशावर तीन सह्या आहेत," ते म्हणाले. "तुझी एकही नाही."

तरीही तक्रार तोंडी का होईना आली होती, म्हणून दोषनिवारणाचा छापील नमुना भरण्यात आला. त्यात यंत्राबद्दल एकही प्रश्न नव्हता, कारण यंत्र मंजूर झालेले होते. प्रथम पोहणाऱ्यांच्या अंगच्या मळाची चौकशी झाली. तलाव अजून उघडलाच नसल्याने पोहणारा कोणी सापडला नाही. मग संशय बेडकांवर गेला. काठावरचे बेडूक चार दिवस गोणत्यात भरून खाडीपलीकडे सोडण्यात आले, आणि ते रोज संध्याकाळपर्यंत परत येत राहिले. त्यानंतर वाऱ्याने माती उडून येते असे ठरले, आणि वाऱ्याची दिशा रोज सकाळी वहीत नोंदवून खाली सही करण्याचे काम विश्रामकडे आले. शेवटी काशिनाथरावांनी वर अहवाल पाठवला: 'यंत्र घाण निर्माण करीत नाही. तलावाचीच घाण ते तलावाला परत करते. सबब सरकारचे कोणतेही नुकसान झालेले नाही.'

एका दुपारी विश्रामची बायको यशोदा पेज घेऊन आली. नळीच्या तोंडातून गदळ पाणी पडत होते, ते ती बराच वेळ बघत राहिली.

"एवढा मोठा धूड आणल्यानी," ती म्हणाली, "आणि तेका पाणी गाळूक येना नाय?"

दुसऱ्या दिवशी तिने आपल्या जुन्या लुगड्याचा तुकडा आणून नळीच्या तोंडाला बांधला. तासाभरात त्यात पायलीभर चिखल साचला. काशिनाथरावांनी तो बघितला, लुगडे उत्तम काम करते असे तोंडी मान्य केले, आणि यंत्राच्या मंजूर भागांच्या यादीत लुगडे नसल्यामुळे ते सोडवून जप्त केले.

एवढ्यात बातमी आली, की २६ जानेवारीला मोठे साहेब रत्नागिरीहून उद्घाटनाला येणार. विश्रामने विचारले, तोपर्यंत पाणी असेच राहिले तर काय होईल. काशिनाथराव मनाने वाईट नव्हते. त्यांनी समजावून सांगितले.

"ठपका कोणावर तरी ठेवावा लागेल. नळ्या निर्जीव आहेत, त्यांच्यावर ठेवता येत नाही. तू सजीव आहेस."

तेवीस तारखेला दुपारी सुरमईची कढी जेवून काशिनाथराव आडवे झाले, तेव्हा विश्रामने पाना घेतला. दोन नळ्या सोडवून त्यांची जागा बदलायला एक विडी संपेपर्यंतचा वेळ लागला. मग त्याने इंजिन सुरू केले, आणि दोन दिवस ते फक्त तेल घालण्यापुरते थांबवले.

पंचवीस तारखेच्या सकाळी तलावाचे पाणी नितळ झाले होते. विश्राम काठावर उभा होता. त्याची जागा कायम झाली होती, फक्त कागद यायचा होता. बातमी ऐकून गाव जमला. सरपंच भाई आले. सगळ्यांनी पाण्यात डोकावून वाहवा केली.

मग हळूहळू वाहवा थांबली.

पाणी गढूळ होते तोवर हातभर खालचे कोणाला दिसत नव्हते. तलावाच्या भिंतींना तळापर्यंत चिनीमातीच्या पांढऱ्या फरश्या मंजूर होत्या. त्या वरच्या हातभरच होत्या. त्याखाली उघडा जांभा चिरा, आणि तळाला दर्याची वाळू. 'खोली नऊ फूट' अशी पाटी होती. तिच्या बरोबर खाली एक कुर्ली नांग्या सावरत निवांत चालली होती, आणि भाईंनी काठावर आडवे होऊन हात खाली घातला असता तर ती त्यांच्या हाताला लागली असती.

फरश्या कुठे गेल्या असे कोणीही विचारले नाही. भाईंच्या अंगणातली तुळस गेल्या दिवाळीपासून पांढऱ्या शुभ्र वृंदावनात उभी होती. मास्तरांची न्हाणी, देवळाची ओसरी, काशिनाथरावांच्या बिऱ्हाडातला ओटा, सगळे त्याच दिवाळीत उजळले होते. भाई देवमाणूस. देताना त्यांनी कोणाला वगळले नव्हते.

"विश्राम," भाईंनी विचारले, "ह्या पाण्याक काय केलंस रे?"

"गाळलंय."

"तुका कोणी सांगितला?"

"पाणी गाळूचा म्हणानच माका ठेवल्यानी."

"गाळूचा काम यंत्राचा. तू मधी कित्याक पडलंस?"

काशिनाथराव पाण्याकडे बघत होते. "दोष गंभीर आहे," ते म्हणाले. "पाण्यातून आरपार दिसते आहे. नकाशात अशी तरतूद नाही."

विश्रामने जमलेल्या माणसांकडे पाहिले. एकाने तरी म्हणावे, की पाणी चांगले झाले आहे, ते राहू दे. माणसे तळाकडे बघत होती, आणि मग आपापल्या पायांकडे. त्याने मास्तरांकडे पाहिले. मास्तरांना वर्गाची आठवण झाली आणि ते निघाले. मग त्याने यशोदेकडे पाहिले. ती जवळ सरकली आणि हळूच म्हणाली,

"आमच्या न्हाणयेत ह्यातल्योच चार आसत. भाईंनी दिल्यानी तेव्हा मी इचारूक नाय."

"आणि माझी जागा?" विश्रामने भाईंना विचारले.

"नळयो होत्यो तश्यो कर," भाई म्हणाले. "जागा खंय जाणा नाय."

दुसरी विडी ओढून होईपर्यंत नळ्या पूर्ववत झाल्या. वाळूत दोन दिवसांची घाण होती, ती एकदम बाहेर आली. संध्याकाळी तलाव पिठीपेक्षाही दाट झाला आणि गावाला हायसे वाटले.

सव्वीस तारखेला मोठे साहेब आले. घाटावरचे होते, कोकणात नवीन. फीत कापण्याआधी गावाच्या रीतीप्रमाणे भाईंनी नारळ हातात घेऊन देवाला गाऱ्हाणे घातले.

"बा देवा म्हाराजा, आज ह्यो सगळो गाव एका जाग्यार जमलो आसा, तेचा बरा कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," गाव म्हणाला.

"ह्या तळयेत जा काय आसा, ता तळाक ऱ्हवांदे. कोणाच्या नजरेक पडा नये रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"सायेब जसे सुखान इले, तसेच सुखान जावंदेत. आणि ह्या यंत्राक नि तेच्या चालवणाऱ्याक कायम ठेव रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

ह्या खेपेला सगळ्यांत मोठा आवाज कोणाचा होता, ते विश्रामला त्याच्याच कानांनी सांगितले.

साहेबांनी काशिनाथरावांना अर्थ विचारला. गावाचे एकमत आहे असा त्याचा अर्थ होतो, असे त्यांनी सांगितले. साहेब काठावर वाकले, बराच वेळ पाण्यात बघत राहिले, आणि तळ दिसत नाही तेव्हा खोली चांगली आहे, असा शेरा त्यांनी वहीत लिहिला. समारंभ आटोपल्यावर शाळेतली पोरे पोहायला दर्यावर गेली.

महिनाअखेरीस विश्रामचा कागद आला. जागा कायम झाली होती. 'पाणी आहे त्या स्थितीत राखणे' हे त्याचे काम ठरले, आणि ते त्याने निवृत्त होईपर्यंत चोख केले. यंत्र एक दिवसही बंद पडले नाही.

कागद आला त्या दिवशी तो घरी गेला आणि न्हाणीत जाऊन बसला. यशोदेने कढत पाणी आणून ठेवले. पायांखाली चार पांढऱ्या फरश्या होत्या. त्याने त्यांच्याकडे पाहिले. मग डोळे मिटून डोक्यावर तांब्या ओतला.

तलावासाठी आलेल्या फरश्या पुष्कळ होत्या. तारीवाडीतली सगळी घरे धरली तरी त्यातल्या निम्म्यासुद्धा भरत नाहीत. बाकीच्या कुठे गेल्या, ह्याचा शोध कोणी घेतला नाही, आणि आपणही घेऊ नये. उद्या सकाळी आंघोळीला बसाल तेव्हा खाली न बघता आधी डोळे मिटा. पाणी छान कढत असते.