विनायकअण्णांचं प्रोफाइल

कॉम्प्युटर एकच असला की माणसांत समता नांदते, आणि समता टिकवायला नियम लागतात. देशपांडे नगरातल्या आमच्या मराठी वाचनालयाला हे फार लवकर उमगलं.

अध्यक्ष विनायकअण्णांनी ब्राउझरमध्ये प्रत्येक सभासदाला स्वतंत्र प्रोफाइल दिलं. मग ज्यानं त्यानं आपापली एक्स्टेन्शनं, म्हणजे ब्राउझरला जोडायच्या बारीकसारीक सोयी, बसवली. कुसुमावती अक्कांनी अक्षरं मोठी करणारं. प्रभंजन वकिलांनी जाहिराती अडवणारं. (त्यानं वाचनालयाची वेबसाइटही अडवली. ती कुणी पाहत नसल्यामुळे तक्रार आली नाही.) हा स्वैराचार पाहून कार्यकारिणीनं ठराव केला: सर्वांना सर्व एक्स्टेन्शनं समान. शिवाय दहा मिनिटांत पान आपोआप बंद करणारं एक, शिस्तीसाठी. अध्यक्षांना वगळलं, कारण शिस्त त्यांच्यात आधीच होती.

धारवाडच्या एका मुलींच्या वसतिगृहात अधीक्षिकेची जागा निघाली होती. शेवटच्या दिवशी आमची एक तरुण सभासद, सुकन्या, वाचनालयात अर्ज भरायला बसली. शिक्षणाच्या रकान्यापर्यंत पोचली की पान बंद. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा बंद.

"अण्णा, आमच्या अप्पांचं बेलूरच्या कारखान्यातलं काम सुटलंय. ही जागा गेली तर..." तिला रडू फुटलं.

"अळबेड गं, रडू नको," अण्णा विरघळले. "माझ्या प्रोफाइलात बस. तिथं काहीच बंद होत नाही."

खरंच झालं नाही. फक्त अण्णांचं खास एक्स्टेन्शन चालू होतं: अर्ज दिसला की त्यांचं नाव, जन्मतारीख आणि फोन नंबर भरून टाकणारं. सुकन्यानं घाईघाईत 'पाठवा' दाबलं आणि अण्णांच्या खिशात फोन वाजला. 'श्रीमती विनायक, आपला अर्ज मिळाला.'

सुकन्यानं सर्टिफिकेटांची पिशवी उचलली आणि थेट धारवाडची बस धरली.

वसतिगृहाच्या ऑफिसातल्या बाईंनी आलेला अर्ज पाहून विचारलं, "विनायक अंदरे यारु? कोण हे विनायक?"

"आमचे अध्यक्ष," म्हणत तिनं सगळी हकिगत सांगितली. बाई डोळे पुसेपर्यंत हसल्या. त्यांच्याही ऑफिसात कॉम्प्युटर एकच होता. त्यांनी कागदावर अर्ज घेतला. पुढं मुलाखत झाली, जागा सुकन्याला मिळाली.

अण्णांना रीतसर नकार आला, वयोमर्यादेमुळे. (बाकी अटींबद्दल वसतिगृहाची काही हरकत नव्हती.) त्यांनी सभा बोलावली. आपण कुणाच्या प्रोफाइलात बसलोय याची आठवण देणारं एक्स्टेन्शन एकमतानं मंजूर झालं. ते फक्त अण्णांच्या प्रोफाइलात बसवलं आहे. हल्ली सगळे तिथंच बसतात.

हसून झालं असेल तर घरच्या कॉम्प्युटरकडे वळा. काल तुम्ही जे गुपचूप शोधलंत, ते घरातल्या कुणाच्या नावावर जमा झालं, हे त्यांना जाहिराती येऊ लागल्या की कळेलच.