चार नंबरचा चहा

बापूमामा मंगळवारी सकाळी गेले. त्याआधीच्या रविवारी त्यांनी आम्हांला चहा दिला होता.

नंदनवन कॉलनीतल्या त्यांच्या घरी चहा नंबराने मिळे. पोर्चमध्ये त्यांची जुनी मोटार आणि तिच्या बाजूला एका रांगेत सहा खुर्च्या. पहिली मामांची, दुसरी मामींची, मग त्यांचा मुलगा विनय, सून कल्पना, भाचा म्हणून मी, आणि शेवटी माझी बायको. मामा किटली घेऊन फिरायचे ते एक, पाच, तीन, सहा, दोन, चार असे. त्यांच्या गाडीच्या सहा सिलिंडरांत ठिणगी याच क्रमाने पडते.

"सरळ द्या नं. चहा थंडा होऊन राहिला," मामी म्हणायच्या.

"शेजारच्या दोघांले लागोपाठ धक्का दिला का इंजिनाची क्रँक तुटते वं."

पहिला कप त्यांचा स्वतःचा. शेवटचा, गार, कल्पनाचा. "चार नंबरले गरम चहा कोणत्या इंजिनात भेटते, बाबा?" हे ती दर रविवारी विचारी.

मामा भूगोलाचे मास्तर. गाडी निवृत्तीनंतर घेतलेली. पाहुण्याचं नाव विचारण्याआधी ते सांगत: अडीच लिटर, पेट्रोल, चोवीस व्हॉल्व्ह, शहरात लिटरला सात. दोष सांगताना मात्र आवाज खाली येई, घरच्या माणसाबद्दल बोलावं तसा. वरच्या झाकणातून तेल गळतं. पाण्याचा पंप दगा देतो. सहा सिलिंडरांवर बसणारं हेड लांब, एकदा तापलं की वाकतं. म्हणून मे महिन्यात गाडी गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन परत येई.

"आणि ठिणगी देणारी कॉइल गेली तर?" मी एकदा विचारलं.

"एक सिलिंडर मिस होते. बाकीचे पाच ओढून नेतात. थरथरते, पण चालते गा."

गेल्या वर्षी मामी गेल्या. तेरावं झाल्यावरच्या रविवारी मामांनी किटली उचलली. एक, पाच, तीन, सहा. मग रिकाम्या खुर्चीसमोर ते थांबले, एक कप भरायला लागतो तेवढा वेळ.

"बाबा, चहा थंडा होऊन राहिला," कल्पना म्हणाली.

"दोन नंबर मिस होऊन राहिला. म्हणून टायमिंग थोडीच बदलते?"

त्यानंतर तिने गार चहाची तक्रार केली नाही.

मामांचं तेरावं झाल्यावरच्या रविवारी किटली तशीच पडून होती. शेवटी कल्पना उठली.

"सरळच दे आता," विनय म्हणाला.

ती पहिल्या खुर्चीसमोर थांबली. मग मला दिला, विनयला दिला, माझ्या बायकोला दिला. दुसऱ्या खुर्चीसमोर पुन्हा थांबली. मग स्वतःचा कप भरला.

आता आम्ही चौघं आहोत. खुर्च्या सहाच आहेत, आणि कल्पनाचा चहा अजून गारच असतो.