बावीस इंचांची गाडी

आम्ही गाडी घ्यायला गेलोच नव्हतो, नुसती मोजायला गेलो होतो. हे मी आजही शपथेवर सांगतो. जावईबापू शपथेवर याच्या उलट सांगतात, पण ते पाणीपुरवठा खात्यात लोकांच्या तक्रारी नोंदवून घ्यायला बसतात, त्यांना कुणाचंच खरं वाटत नाही.

मी शिंपी. म्हणजे होतो. सुईचं नेढं दिसेनासं झालं तसं गेल्या वर्षी दुकान बंद केलं. दोन मशीनं आणि कापायचं मोठं टेबल विकलं, एक हातमशीन तेवढं घरी आणलं. शाळा मला चार बुकांपलीकडे झाली नाही, पण टेपवरचे आकडे पक्के येतात. टेप अजून खिशात असतो. (काही म्हातारे तपकीर बाळगतात, तसं.)

बायकोचे दोन्ही गुडघे गेलेत. वाकत नाहीत. बसायचं झालं की ती पाठमोरी उभी राहते, देवाचं नाव घेते आणि अंग मागे सोडून देते. मागे जे असेल ते फार उंच असलं तर टेकता येत नाही, फार ठेंगणं असलं तर टेकता येतं पण उठता येत नाही. घरातल्या खुर्चीच्या पायांखाली ठोकळे घालून घालून मी तिचं माप काढलं आहे. बावीस इंच.

तर तिची थोरली बहीण, आमच्या अक्का, शहराबाहेर म्हाताऱ्या माणसांच्या संस्थेत असतात. बसनं दोन तास. बसला पायऱ्या तीन, आणि त्या तीन पायऱ्यांपायी वर्षभर बहिणी-बहिणींची भेट नव्हती. एके दिवशी सकाळी तिथल्या नर्सबाईंचा फोन आला.

"आजी माणसं विसरायला लागल्यात हो. काल मलाच म्हणाल्या, नवीन लागलीस का? यायचं असेल तर लवकर या. नंतरही याल म्हणा, आजी असतीलच, पण..."

बायकोनं फोन ठेवला आणि एकच टॉवेल चारदा घडी केला.

टॅक्सी करून पाहिली. ती नेमकी उंच निघाली. ड्रायव्हर म्हणाला, "आजी, जरा उडी मारा." बायको म्हणाली, "उडी मारता आली असती तर तुला कशाला बोलावलं असतं, बाबा?" आणि घरात निघून गेली. तेव्हा मी ठरवलं, एकदा बाजारातल्या गाड्यांच्या सीटा तरी मोजून याव्यात. मोजायला काय जातंय?

(काय जातं ते पुढं येईलच.)

जुन्या गाड्यांचं ते दुकान म्हणजे मोठं मैदानच होतं. ओळीनं गाड्या उभ्या, प्रत्येकीच्या काचेवर 'प्रमाणित' असा शिक्का. फाटकातच जावईबापूंनी मला थांबवलं.

"बाबा, एक लक्षात ठेवा. तुम्ही तोंड उघडायचं नाही. तुम्ही तोंड उघडलंत की भाव वाढतो."

मी मान हलवली, टेप काढला आणि कामाला लागलो. दार उघडायचं, जमिनीपासून सीटपर्यंत माप घ्यायचं, दार लावायचं. दहा गाड्या झाल्या. कुठं सव्वीस, कुठं एकोणीस. अकरावी एक छोटी पांढरी होती. टेप धरला. बावीस. पुन्हा धरला. बावीस, सुताचाही फरक नाही. आणि मी काय केलं, तर खिशातला निळा खडू काढून सीटच्या कडेला फुली मारली.

आमच्या धंद्यात खडूची खूण झाली की कापड ठरलं, मग माघार नाही. माझ्या मनानं गाडी तिथंच घेतली. दुकानाच्या मनानं तर मी फाटकात शिरलो तेव्हाच घेतली होती.

खूण होते न होते तोच टाय लावलेला एक मनुष्य मागे येऊन उभा राहिला. तिशीतला, आवाज अगदी मऊ, दवाखान्याच्या व्हरांड्यात बोलतात तसा. त्याला आम्ही पुढे घरात 'लावूका' म्हणायला लागलो. का ते कळेलच.

जावईबापूंनी त्याच्याशी तासभर घासाघीस केली. मधे दोनदा उठून निघून जायचं नाटकही केलं. दुसऱ्यांदा तर खरंच फाटकाबाहेर गेले आणि मीच त्यांना बोलावून आणलं. अखेर आठ हजार कमी झाले. ते माझ्याकडे बघून असे हसले की तेवढ्या एका क्षणासाठी मुलगी योग्य घरी दिल्याचं समाधान वाटलं.

"आता फक्त कागद करू," लावूका म्हणाला आणि आम्हाला काचेच्या खोलीत नेलं. "आजोबा, खालून गंजू नये म्हणून थर लावू का?"

इथं माझं एक दुखणं सांगायला हवं. चाळीस वर्षं मी गिऱ्हाइकांना विचारत आलो, अस्तर लावू का, आतला खिसा लावू का, हाडाची बटणं लावू का. जे 'नको' म्हणायचे त्यांचे चेहरे मला अजून आठवतात. मी त्यांना लुबाडायलाच बसलोय असं तोंड करायचे. त्यामुळे काम करणाऱ्या माणसानं 'लावू का' म्हटलं की माझ्या तोंडून 'नको' निघतच नाही.

"लावा," मी म्हणालो.

"बाबा!" जावईबापू.

"उंदीर वायरी कुरतडतात. औषध फवारून देऊ का?"

"द्या."

"बाबा, आपल्या गल्लीत मांजरं किती आहेत!"

"अहो, बिचाऱ्यानं आपणहून विचारलं..."

"काचांवर नंबर कोरून देऊ का? गाडी चोरीला गेली तर काच ओळखता येते."

"नुसती काच?" जावईबापूंनी विचारलं.

"काच आधी सापडते, सर."

"कोरा," मी म्हणालो.

"आणि सीटला कव्हरं, आजोबा. प्रीमियम. आत दोन इंच फोम. आजींना मऊ लागेल."

मऊ म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे बायको आली, ठोकळ्यांवरच्या त्या लाकडी खुर्चीत पाय ताठ करून बसलेली. मी दोनदा म्हणालो, "लावा, लावा."

मग कागद आला. जावईबापूंनी वाचायला घेतला आणि त्यांच्या चेहऱ्यावरचे आठ हजार एकेक करून उतरू लागले.

"प्रमाणपत्राचे पैसे वेगळे? गाडी प्रमाणित आहे म्हणूनच महाग लावली ना?"

"सर, दोनशे ठिकाणी तपासलीय."

"काय सापडलं?"

"काहीच नाही."

"मग पैसे कशाचे?"

"काही न सापडल्याचे, सर."

"आणि हा हाताळणी खर्च? हाताळली कुणी?"

लावूकानं अदबीनं माझ्याकडे हात केला. "आजोबांनी. अकरा गाड्या."

"आणि 'आतील डाग काढणे'?"

"सीटवर कुणीतरी निळी फुली मारलीय, सर."

मी छताकडे बघत बसलो. कमी झालेले आठ हजार केव्हाच परत गेले होते आणि वर आणखी तेहतीस हजार लागले होते. साठवलेली शिल्लक गाडीत गेली होतीच, वरच्या खर्चात दोन्ही मशीनांचे पैसे संपून टेबलाच्या पैशांना हात लागला. सही करताना मी आकड्यांवर तळहात ठेवला. (कागद उडतो, असं मी जावईबापूंना सांगितलं.)

गाडी घरी यायची त्या दिवशी बायको पहाटेच उठली. ठेवणीतले कपडे काढले. अक्कांना आवडतात ती खारी बिस्किटं पिशवीत घातली, पुन्हा काढून डब्यात घातली, डबा पिशवीत घातला. दाराशी गाडी लागली. शेजारपाजार जमला. मी दार उघडून धरलं आणि म्हणालो, "बस. खुर्चीचंच माप आहे. डोळे मिटून बस."

ती पाठमोरी उभी राहिली. देवाचं नाव घेतलं. अंग सोडलं.

आणि सीटच्या कडेवरून घसरली.

जावईबापूंनी आणि मी दोन बाजूंनी धरलं म्हणून खाली पडली नाही. पुन्हा केलं. पुन्हा घसरली. तिसऱ्या खेपेला शेजारची बाई मागून लोटायला आली तेव्हा बायको म्हणाली, "राहू द्या."

मी टेप लावला. चोवीस.

फोम. दोन इंच. कोटाच्या खांद्यात पॅड घातलं की बाही वर चढते, हे मला नाही कळायचं तर कुणाला? आणि मला ते एकदा आयुष्यात चांगलंच कळलेलंही होतं. तरुणपणी अक्कांनी माझ्याकडे कोट शिवायला टाकला. मी माप घेतलं, आणि मग खूश करायचं म्हणून न विचारताच खांद्यांना पॅड घातली. बाह्या अर्धा इंच आखूड झाल्या. तो कोट न्यायला अक्कांनी धाकट्या बहिणीला पाठवलं, तिथं आमचं जुळलं. पण अक्का मला त्या दिवसापासून 'कोटवाला' म्हणतात. पैसे मात्र पुरते दिले होते, आणि तेही दर भेटीत ऐकवायच्या.

"अक्काचा कोट," बायको म्हणाली. एवढंच. मग आत गेली आणि ठेवणीतले कपडे बदलून आली. डबा पिशवीतच राहिला. चाळीस वर्षांत ती माझ्यावर पुष्कळदा ओरडली असेल. त्या दिवशी ओरडली असती तर बरं झालं असतं.

जावईबापूंनी लावूकाला फोन लावला. तो म्हणाला, कव्हर काढून देऊ, पण काढायचे पैसे पडतील.

"लावायचेही आणि काढायचेही?"

"सर, गच्च शिवून बसवलंय. काढायला कारागीर लागतो. आणि दुसऱ्या कुणी हात लावला तर प्रमाणपत्र रद्द."

मी जावईबापूंच्या हातातून फोन घेतला. "रद्द करा," म्हणालो. लावूकाला मी 'हो' सोडून दुसरं काही म्हणालो, ते तेवढंच.

दुपारभर गाडीत उसवायची पाती घेऊन बसलो. शिवण दिसत नव्हती, बोटांनी शोधत एकेक टाका तोडला. फोम बाहेर आला, चांगला जाडजूड. जन्मात कधी चिंधी टाकली नाही, तर हा तेहतीस हजारांतला फोम कसा टाकू? नर्सबाई फोनवर असंही म्हणाल्या होत्या, की अक्कांना खुर्ची टोचते. मी त्या कव्हराचीच खोळ बेतली, बायकोनं सुईत दोरा ओवून दिला, आणि हातमशीनवर एक गादी शिवून टाकली.

दुसऱ्या दिवशी बायको बसली. बावीस. साध्या कपड्यांतच आली होती. वाटभर मांडीवर डब्याची पिशवी धरून बाहेर बघत बसली. गाडी चालवणाऱ्या जावईबापूंनी तेवढं एकदा, "काचांवर नंबर छान आलेत," म्हणून बघितलं.

अक्का खिडकीशी बसल्या होत्या. पार वाळून गेलेल्या.

"कोण?" त्या म्हणाल्या. "नवीन लागलात का?"

"मी गं, अक्का."

"मी म्हणजे कोण?"

बायकोला हातातला डबा उघडेना. उशीर झाला होता, आणि त्यातला एक दिवस तर सरळ माझ्या नावावर होता. काहीतरी करायचं म्हणून मी आणि नर्सबाईंनी अक्कांना जरा उचलून खाली गादी सरकवली. अक्का बसल्या. हळूहळू त्यांचे हात गादीच्या कडेला गेले. बोटं शिवणीवरून फिरली, कोपऱ्याशी थांबली, परत फिरली.

"ही कुणी शिवली?"

नर्सबाईंनी माझ्याकडे बघितलं.

"आधी माप घेतलं आणि मग आत भरलं. चारी कोपरे ओढलेत." अक्कांनी नाक मुरडलं. "असा एकच मनुष्य आहे जगात. माझा कोट बिघडवला त्यानं. आणि आमच्या ठेंगूनं त्याच्याशीच लग्न केलं. मी नको म्हणत होते."

"ऐकलं नाही तिनं," बायको म्हणाली.

अक्कांनी मान वळवली. तिचा हात धरून त्यावरच्या सुरकुत्या चाचपल्या.

"ठेंगू," त्या म्हणाल्या, "एवढी म्हातारी कधी झालीस गं?"

बायको तिथंच पलंगाच्या कडेला टेकली. पलंग किती इंचांचा होता कोण जाणे, मी मोजला नाही. दोघी हातात हात धरून खारी बिस्किटं खात बसल्या. मी भिंतीला टेकून उभा राहिलो आणि उगीच चष्मा पुसला.

थोड्या वेळानं अक्कांनी माझ्याकडे बोट केलं. "ह्या गादीचे पैसे दिले नाहीस ना त्याला?"

"नाही गं. फुकट आहे."

जावईबापूंच्या खिशात बिल होतं. त्यांनी तोंड उघडलं. मी त्यांचा हात दाबला, त्यांनी मिटलं.

अक्कांनी गादी पुन्हा एकदा चाचपली.

"तरी महागच पडली," त्या म्हणाल्या.