टणकोजीचा पूल आणि सगुणाची गाठ

बाळांनो, नीट मांडी घालून बसा. एका जंगलात एक ओढा होता आणि ओढ्यावर वेलींचा एक पूल होता. पूल सगळ्यांचा. त्यावरून कुणीही जावं, कुणीही दुरुस्ती सुचवावी. ती करायची की नाही, हे मात्र टणकोजी नावाचा सुतारपक्षी ठरवायचा, कारण पूल त्यानेच बांधला होता. स्वतः तो उडत जायचा, ती गोष्ट वेगळी.

टणकोजीच्या कामात खोट निघत नसे. बोलण्यात मात्र गोडवा औषधालाही नव्हता. आणि कुणाला उत्तर द्यायचं तर ते सावरीच्या झाडाच्या शेंड्यावरून, साऱ्या जंगलाला ऐकू जाईल असं.

त्याच जंगलात सगुणा नावाची साळू राहायची. अंगावर हे एवढे काटे, पण बोलणं मऊ. रोज पिल्लांना घेऊन ती पुलावरून जायची. एकदा तिच्या लक्षात आलं, की मधली वेल आतून कुजत चाललीय. आठ दिवस खपून तिने नवी वेल वळली, गाठ मारली आणि टणकोजीपुढे ठेवली.

"दादा, मधली वेल कुजलीय. ही चालेल का, बघता?"

टणकोजी शेंड्यावर जाऊन बसला.

"ऐका हो सगळे. याला म्हणे गाठ म्हणायचं. नाक पुसून टाकलेली चिंधी बरी दिसते. सगुणाबाई, तुम्ही आपली मुळं कुरतडा. डोकं चालवायच्या फंदात पडू नका."

जंगल खो खो हसलं. गाठ खरंच सैल होती, हे सगुणालाही कळलं. ती घट्ट कशी करायची, एवढं विचारावं असं तिच्या मनात होतं. पण पिल्लं बघत होती. ती वेल उचलून चालू लागली.

"मनावर घेऊ नकोस," भैरू गवा म्हणाला. "फटकळ आहे, पण हात बघ त्याचा. असा कारागीर पुन्हा मिळायचा नाही."

"खरंय," सगुणा म्हणाली. पुन्हा काही ती त्या शेंड्याखाली गेली नाही.

पुढच्याच महिन्यात भैरू पुलावर असताना मधली वेल तुटली. भैरू ओढ्यात पडला, पाय मोडून घेतला. टणकोजी आला, एका नजरेत दोष ओळखला आणि दिवस मावळायच्या आत पूल पहिल्याहून मजबूत करून दाखवला.

"वेल कुजली होती," तो म्हणाला. "एवढे प्राणी रोज जातात, एकालाही दिसलं नाही. सगळे आंधळे."

भैरूने सगुणाकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी सगुणाने ओढ्याच्या खालच्या अंगाला स्वतःचा पूल बांधायला घेतला. वाकडा होता, हलायचा. पहिल्याच आठवड्यात दोन ससे पाण्यात पडले.

"सगुणाताई, डावीकडची गाठ सुटतेय," ओले ससे म्हणाले.

"कुठली, दाखवा बरं."

तिघांनी मिळून ती आवळली. मग माकडं आली, मुंगूस आलं. भैरू लंगडत आला आणि जाड वेली ओढून देऊ लागला. पूल अजून जरा वाकडाच आहे, पण सकाळी त्यावर पाय ठेवायला जागा नसते.

टणकोजीचा पूल आजही सरळसोट आहे. कोळ्यांनी त्यावर जाळी विणलीयत. टणकोजी शेंड्यावरून उडत्या पाखरांना सांगत असतो, "आताशा एक तक्रार येत नाही."

तात्पर्य : हातात कसब असलं, की वाटेल ते बोललेलं चालतं. खात्री हवी तर टणकोजीचा पूल पाहून या. भैरूनंतर त्यावरून एकही जण पडलेला नाही.