अशक्त अंड्याला डिंकाचे लाडू

आमच्या शेजारच्या अक्का माणसाची खुशाली तोंडाने विचारत नाहीत. सरळ दंड चिमटीत धरतात आणि निकाल देतात, "वाळी गयी वं माय!" हा निकाल कधी बदलत नाही. माझं वजन सत्त्याऐंशी किलो आहे. मी वाळले असं म्हणणारं जगात हे एकच माणूस.

अक्का मूळच्या साक्रीकडच्या. जळगावात उभा जन्म गेला, त्यांचे यजमान नाना जाऊनही बरीच वर्षं झाली, पण स्वयंपाक अजून पंगतीचा. भरीत केलं की आमच्याकडे वाटी येणार, वर तेलाचा तवंग. "जराशी चव देखी ले," म्हणतात आणि वाटी रिकामी होईपर्यंत दारातून हलत नाहीत.

लग्नाला सहा वर्षं होऊनही मूल नाही म्हणून आम्ही डॉक्टरीणबाईंकडे गेलो. नवऱ्याचे रिपोर्ट ठीक निघाले. माझ्या बाबतीत बाई म्हणाल्या, चरबी जास्त असली की संप्रेरकांचं गणित बिघडतं, अंडं वेळेवर तयार होत नाही, त्याची प्रतही घसरू शकते. वजन थोडं उतरलं तर फायदा होईल, पण हमी नाही. त्या 'हमी नाही'ने माझी झोप उडाली. रोज सकाळी वजनकाट्यावर चढायचे, उतरायचे, परत चढायचे.

न राहवून अक्कांना सांगितलं. त्यांनी त्यातलं एवढंच उचललं की अंडं अशक्त आहे. आणि अशक्ताला काय लागतं हे अक्कांना कुणी शिकवायला नको. दुसऱ्याच दिवशी डिंकाच्या लाडवांचा डबा हजर! "अंडाले ताकद येई. तूप शे, खोबरं शे, बठ्ठं शे."

लाडू नवऱ्याला द्यायचे ठरवलं होतं. पण काळजीने मला भूक लागते, आणि डबा हाताशीच होता. पुढच्या तपासणीला काटा दोन किलो वर गेला. बाईंनी फक्त चष्मा काढून पुसला. घरी येते तर अक्का नवा डबा घेऊन दारात उभ्या. माझा बांध फुटला.

"अक्का, तुमच्या लाडवांनी मला मूल होणार नाही! कळतं का तुम्हाला?"

अक्का डबा घेऊन माघारी गेल्या. खाल्ले मी आणि बोलणी त्यांना.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या आल्या, त्या रिकाम्या हातांनी. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. पदराचं टोक चाळवत बसल्या.

"लगीन व्हयनं तवय मी काडी व्हतू," त्या म्हणाल्या. "सासू म्हने, अंगमा काही नही म्हनीसन पोऱ्यासोऱ्या नही. मंग माले लाडू खावाडात. दरसाल हिवाळामा. पन दवाखानामा कोनी लई गयं नही. नानास्ले बी नही."

मी त्यांचा हात हातात घेतला. त्या एकदम लहान पोरीसारख्या माझ्याकडे बघायला लागल्या.

"तू परत जाशी ना, तवय तुन्ही डॉक्टरीनले इचारजो," अक्का म्हणाल्या. "मन्हं काय व्हतं?"